वळवणीचे चार रकाने

वॉर्डात तिला सगळे पैलवान म्हणत. मणक्यांच्या वॉर्डातली मावशी ती, वय एकोणपन्नास, उंची बेताचीच. पण मनगट असं की सिलिंडरची घट्ट बसलेली चावी तिच्याशिवाय कुणाला हलत नसे आणि अडून बसलेला स्ट्रेचर ती एका धक्क्यात लिफ्टमध्ये घाली. नाव पेशंटांनीच ठेवलं होतं. महिनोन् महिने उताणं पडून छताचे पोपडे मोजणाऱ्या माणसाला कुणीतरी भक्कम हाताने धरलं की बरं वाटतं. तिलाही ते नाव आवडायचं, आणि तिथेच घोळ झाला. कौतुक करून माणसाला जेवढं राबवता येतं तेवढं धाक दाखवून येत नाही, हे त्या हॉस्पिटलला पक्कं ठाऊक होतं. "पैलवान आहे ना, मग झालं!" हे वाक्य तिने सतरा वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की ती हजेरीच्या आधी तेच ऐकायला येते की काय, असं वाटावं.

तिचं मुख्य काम वळवणीचं. मणका मोडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा पडतात. पण वळवताना मणका जराही पिळता कामा नये. म्हणून माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध फिरवायचं. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने खांदे, तिसऱ्याने कंबर, चौथ्याने पाय. डोक्याशी असेल त्याने मोजायचं आणि तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम ओढायचं. चार माणसं म्हणजे चार. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला असे, त्यावर प्रत्येक वळवणीसमोर चार रकाने. ज्याने जी जागा धरली त्याने त्या रकान्यात आपला बिल्ला नंबर लिहायचा. खाली इनचार्ज सिस्टरची सही, आणि सकाळच्या राउंडला मोठ्या सर्जनची. आठ खाटा, सकाळी आठ ते चारच्या पाळीत चार वळवण्या, म्हणजे दिवसाला बत्तीस.

बुधवारी सर्जनसाहेब विद्यार्थ्यांना घेऊन यायचे आणि पेशंटच्या खाटेपाशीच तास घ्यायचे. पाठ दिसायला हवी म्हणून पैलवानने पेशंटला कुशीवर धरून ठेवायचं. साहेब बोलत आणि ती वाकून ऐके. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

"कमरेत पाच मणके," साहेब सांगत. "अंगातले सगळ्यात जाड, कारण वरच्या अख्ख्या धडाचं ओझं यांच्यावर. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक चकती. तिच्या कडेला चिवट तंतूंची वेटोळी, आत ओलसर मऊ गर. मागच्या पोकळीतून मज्जारज्जू येतो, तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा. आता लक्षात ठेवा, दहातल्या नऊ कंबरा दुखतात त्या स्नायू लचकल्याने किंवा सांधे आखडल्याने. चार-सहा आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. घाबरायचं नाही आणि फार लोळायचंही नाही. पण हात लांब करून, वाकून, वर पिळा देऊन वजन पेललं, की चकतीची वेटोळी मागून फाटतात, गर बाहेर येतो आणि नसेवर बसतो. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये, नाहीतर पाचव्याच्या खाली. दाबली जाते कमरेत, पण ओरडतो पाय. आणि लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, तर तासभरही थांबायचं नाही, सरळ ऑपरेशन."

हे सगळं होईपर्यंत पंधरा मिनिटं जात. तेवढा वेळ पैलवान हात लांब करून, वाकून, वर पिळा देऊन ऐंशी किलोंचा माणूस पेलून उभी असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? विद्यार्थी भराभर लिहून घेत होते. वाकलेली बाई कुणाच्याच वहीत आली नाही.

एके काळी वॉर्डात खरंच चार माणसं होती. पैलवान, तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली बारकी, ड्रेसिंग करणारे मामा आणि थोरली मावशी. मामांना खालच्या ओपीडीत 'तात्पुरतं' हलवलं. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे काय, हे सांगायला नको. मग थोरली मावशी हृदयाच्या झटक्याने एका सकाळी गेली. ऑफिसने दोन मिनिटं उभं राहून शोक केला आणि तिची जागा रिकामीच ठेवली. बारकी आणि पैलवान दोघीच उरल्या. एकीने डोकं आणि खांदे सांभाळायचे, दुसरीने कंबर आणि पाय. कंबर जड, म्हणून ती पैलवानकडे.

पहिले आठ दिवस दोघींनी तक्त्यावर दोनच नंबर लिहिले. नवव्या दिवशी इनचार्ज सिस्टरने दोघींना कपाटामागे बोलावलं.

"अगं, तपासणी तोंडावर आलीय. रकाने रिकामे दिसले तर वॉर्डाचे गुण जातील. नवीन माणसं येईपर्यंत जुनेच नंबर टाका. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे!"

मामांचा एकशे एकतीस आणि थोरलीचा शहाण्णव; बारकीचा दोनशे तीन आणि पैलवानचा एकशे सत्त्याऐंशी तर होतेच. पैलवानला पहिल्या दिवशी तो शहाण्णव लिहिताना गलबलून आलं होतं. नंतर नंतर तर बरंच वाटायला लागलं, जणू थोरली अजून डोक्याशी उभी राहून मोजतेय. माणसाच्या मायेचासुद्धा असा उपयोग करून घेता येतो. आठ-पंधरा दिवसांचे तेरा महिने झाले. वॉर्डाला तपासणीत शंभर टक्के गुण मिळाले, त्याचं प्रमाणपत्र काचेत घालून लिफ्टजवळ लावलं. मेलेली बाई दिवसाला बत्तीस वेळा पेशंट वळवत होती आणि खाली सह्यांवर सह्या पडत होत्या.

आणि मग पाच नंबरच्या खाटेवर तो भट्टीवाला आला. पावाच्या भट्टीवर काम करणारा, एकशे अठरा किलोंचा, माळ्यावरून पडून कमरेचा पहिला मणका चेपलेला. गरीब स्वभावाचा माणूस. वळवताना दर वेळी "माफ करा हं मावशी" म्हणायचा. त्या दिवशी दुपारी दोनच्या वळवणीला तो अर्धा वळला असताना त्याला जोराचा ठसका लागला. घाबरून त्याने पलीकडच्या दांड्याला हात घातला आणि सगळं धड उलट्या बाजूला कलंडायला लागलं. बारकी खांद्यांशी होती, तिच्या हातून त्याच्या अंगाखालची ओढायची चादर सुटली. कंबर पैलवानच्या हातात होती. तिने सोडलं असतं तर तिची पाठ वाचली असती आणि तो माणूस कदाचित जन्मभर पायांवर उभा राहिला नसता. तिने सोडलं नाही. वाकल्या वाकल्या पिळा देऊन तिने तो अख्खा डोंगर एकटीने परत ओढला.

कमरेत काहीतरी फाटल्याचं तिला तेव्हाच कळलं. एक कळ ढुंगणातून निघाली, मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरून उतरली आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. तो रस्ता तिने दर बुधवारी ऐकला होता.

"चौथ्या-पाचव्याच्या मधली गेली गं," ती स्टुलावर बसत म्हणाली.

"ताई, तू आधी आडवी हो," बारकी रडायला लागली.

"थांब, तक्ता राहिलाय."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता, आणि या बाईने सवयीने चार नंबर लिहिले. शहाण्णव, दोनशे तीन, एकशे सत्त्याऐंशी, एकशे एकतीस. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात ते असं. त्या चार आकड्यांचा राग तिला पुढे कितीतरी दिवस आला, दुखण्यापेक्षा जास्त.

एमआरआय काढला तेव्हा चौथ्या-पाचव्याच्या मधलीच चकती बाहेर आलेली निघाली. सर्जनसाहेबांनीच लिहून दिलं: सहा आठवडे रजा, वजन अजिबात उचलायचं नाही. ती घरी पडून राहिली. नवरा शिंपी, घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं मशीन. तो दिवसभर पँट्स उसवायचा-शिवायचा आणि मध्येच उठून तिच्या पायाखालची उशी सरकवायचा. "तुझ्या कमरेला अस्तर लावायचं राहिलं वाटतं," म्हणायचा. ती हसायची आणि हसताना कळ आली की त्याच्यावरच ओरडायची.

महिन्याभराने ऑफिसचं पत्र आलं. तिची व्याधी 'वयोमानानुसार झालेली झीज' असल्याचं दिसतं, सबब कामास अपात्र का ठरवू नये, याबाबत समितीपुढे हजर राहावे. कामावर झालेली इजा असं ठरलं तर उपचार हॉस्पिटल करणार आणि बरं वाटल्यावर बसून करायचं काम देणार. झीज ठरली तर घरी. सतरा वर्षं आणि वर एक नमस्कार.

"झीज!" ती पत्र नवऱ्याच्या तोंडासमोर नाचवत म्हणाली. "मी काय चपलेची टाच आहे?"

समितीत तिघे होते: अधीक्षक, सर्जनसाहेब आणि आस्थापनेचे बाबू. टेबलावर पाच नंबरच्या खाटेचा तक्ता. बाबूंनी चष्मा वर केला.

"बाई, दुपारी दोनच्या वळवणीला चार जण होते. चौघांत वजन वाटलं गेलं की एकीच्या कमरेला एवढं होईलच कसं?"

तिने तक्ता पाहिला. अक्षर तिचंच होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आग ओकायची कुणावर?

"आम्ही दोघीच होतो, साहेब."

"कागद चार सांगतोय. आपण साक्षीदार बोलावू. डोक्याशी कोण, शहाण्णव? शिपायाला पाठवतो."

"पाठवा की," ती म्हणाली. "पण त्याला लांब जावं लागेल. थोरली मावशी चौदा महिन्यांपूर्वी वारली. याच खोलीत दोन मिनिटं उभे राहिला होतात तुम्ही."

बाबूंनी रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं, आणि ते बोट तिथेच थांबलं. अधीक्षक मात्र लगेच सावरले. असल्या माणसांना सावरायला वेळ लागत नाही.

"म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटी नोंद केलीत."

"केली."

"हा गुन्हा आहे."

"असेल. पण खाली सिस्टरची सही आहे. तिच्या खाली या साहेबांची आहे. चौदा महिने रोज. त्या काय आहेत?"

सर्जनसाहेब पेनाचं टोपण काढत-लावत होते. अधीक्षकांनी चहा मागवला. चहा आला की समजावं, आता काहीतरी गिळायला लावणार. आवाज एकदम मऊ करून ते म्हणाले, "बाई, वाद वाढवून कुणाचं भलं झालंय? तुम्ही झीज मान्य करा. आम्ही माणुसकीच्या नात्याने तुम्हाला चादरींच्या खोलीत बसून काम देतो. तक्त्यांचा विषय तुम्हीही काढायचा नाही, आम्हीही नाही. उद्या येऊन सही करा."

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर माणुसकी.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मशीन थांबवलं.

"सही कर," तो म्हणाला. "खुर्ची मिळतेय, नोकरी राहतेय. कागदावर काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"कागदावर लिहिलंय की माझी कंबर आपोआप झिजली. आपोआप! अहो, मी उचललं म्हणून गेली ना ती!"

"मला माहितीय."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग!"

"राग तुझा बरोबर आहे गं. पण रागावर जिना चढता येत नाही. त्याला माझाच खांदा लागतो." तो चिडून बोलला नाही, दमून बोलला. तोही खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सही करायचीच, असं ठरवून ती निघाली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, वॉर्ड पहिल्या. लिफ्ट फक्त पेशंटांना, म्हणून पाय फरपटत जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर दम खायला थांबली आणि थांबलीच आहोत तर बारकीला भेटावं म्हणून आत गेली. बाराची वळवणी उशिराने चालली होती. बारकी भट्टीवाल्याच्या खांद्यांशी, आणि कमरेशी कोण, तर त्याची बायको! साडी खोचून, दात-ओठ खाऊन ओढत होती बिचारी.

"मावशी, तुम्ही आलात!" भट्टीवाला कुशीवरूनच म्हणाला. "माफ करा हं."

पैलवानने पायथ्याचा तक्ता हातात घेतला. बारकीचं अक्षर. शहाण्णव, दोनशे तीन, एकशे सत्त्याऐंशी, एकशे एकतीस. आजचा दिवस. कालचा दिवस. तिने मागची पानं उलटली. पाच आठवडे ती घरात उताणी पडून होती आणि तिचा नंबर इथे रोज बत्तीस वेळा कंबर उचलत होता.

"बारके," ती म्हणाली, "मी पण मेले का गं?"

बारकीने तक्त्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "काय करू ताई? सिस्टर म्हणाल्या, रकाना रिकामा नको. तूच शिकवलंस ना मला?"

पैलवानचा हात खरोखर वर झाला होता. तो तसाच खाली आला. शिकवलं होतं तिनेच. थोरलीच्या नावाने गलबलून ज्या हाताने तिने तो आकडा लिहिला, त्याच हाताने तिने या पोरीच्या कमरेलाही दावं बांधलं होतं. आपण सही करून खुर्चीवर बसणार, आणि ही इथे चार माणसांच्या हिशेबात एकटी वाकणार. मग हिचीही एक दिवस झीज होणार, आपोआप. आता मात्र पैलवानचा राग असा काही उसळला की पायातली कळ ती विसरली. तिने एकामागून एक आठही खाटांचे तक्ते काढून घेतले.

इनचार्ज सिस्टर दारात आडवी आली. "तक्ते वॉर्डाबाहेर न्यायचे नसतात!"

"माणसं आत आणायची नाहीत, तक्ते बाहेर न्यायचे नाहीत. मग काय नुसती प्रमाणपत्रं पुसत बसायचं? सरका."

"ताई, थांब, मी पण येते," बारकी म्हणाली. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. "माझाही नंबर आहे त्यात."

समितीचे तिघे बसले होते, कागद तयार होता, सहीच्या जागी पेन्सिलने फुलीही केली होती. पैलवानने त्यावर आठ तक्ते आपटले.

"हे माझं रजेचं पत्र. वजन उचलायचं नाही, खाली साहेबांची सही. आणि हे तक्ते. याच पाच आठवड्यांत मी रोज बत्तीस वेळा कंबर उचललीय, खाली पुन्हा साहेबांचीच सही. दोन्हींतलं एकच काहीतरी खरं असेल. कुठलं ते सांगा, मग मी फुलीवर सही करते."

"बाई, आवाज खाली," अधीक्षक म्हणाले.

"सतरा वर्षं खालीच होता! खोटं आम्ही लिहिलं. दोघींनी. करा शिक्षा. पण शिक्षेच्या कागदावर हेही लिहा, की त्या वॉर्डात चौदा महिने दोनच बायका होत्या."

सर्जनसाहेब तक्त्यांची पानं उलटत होते. दर पानावर त्यांची तीच गिरवलेली, ऐटदार सही.

"त्या दिवशी पाच नंबरला तुम्ही खरंच दोघीच होतात?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी तुम्ही चकती शिकवता, तेव्हा पेशंटला हवेत धरून कोण उभं असतं असं वाटत होतं तुम्हाला? भिंत?"

ते लाल झाले. रागाने की लाजेने, हे त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी तयार कागद ओढला, 'वयोमानानुसार झालेली झीज' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: कामावर असताना, अपुऱ्या माणसांनिशी पेशंट वळवताना झालेली इजा. बाबू "सर, नियमाप्रमाणे..." म्हणेपर्यंत खाली सही झालीसुद्धा.

"याला उत्तर तुम्ही द्यायचं," अधीक्षक त्यांना म्हणाले.

"देईन," साहेब म्हणाले.

आता ही रडेल, हात जोडेल, असं त्या तिघांनाही वाटलं असावं. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोनला पाच मिनिटं कमी होती.

"दोनच्या वळवणीची वेळ झाली. बारकी इथे आहे. खाली कुणी नाही."

"ते नंतर बघू," अधीक्षक म्हणाले. "माणसांची मागणी वर पाठवतो."

"नंतर? पाठीला जखम पडते ती नंतर बघते का? खाली आठ माणसं पडलीत. चार जण लागतात, हे तुम्हीच शिकवता ना, साहेब? मग या."

 सर्जनसाहेबांनी कोट खुर्चीवर टाकला आणि ते जिना उतरले. पाच नंबरला बारकीने खांदे धरले, इनचार्ज सिस्टरने तोंड वाकडं करून पाय धरले, साहेब कमरेशी उभे राहिले. पैलवानने भट्टीवाल्याचं डोकं दोन तळव्यांत घेतलं, कारण तेवढंच तिला धरता येत होतं.

"माफ करा हं, साहेब," भट्टीवाला घाबरून म्हणाला.

"एक... दोन... गुडघे वाकवा सर, गुडघे! कंबर नाही! ...तीन!"

तो वळला. बारकीने पाठीशी उशी लावली. सर्जनसाहेब सरळ झाले, दोन्ही हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाप रे."

"हा एक झाला, सर," पैलवान म्हणाली. "अजून सात आहेत."